जोर लावला की मॅनिफोल्डचा नट सुटतो?

‘डब्ल्यूडी-४० मारा, पान्याला लांब पाईप लावा, नट सुटलाच पाहिजे’ हा इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या जाम नटांसाठीचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सुटतो तो बहुधा स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा), तोही तुटून! १९५३ साली हा फवारा निघाला तो मुळात पाणी हटवून गंज रोखायला. जाम आट्यांत मुरणारं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं. ते आदल्या रात्रीच मारून ठेवा.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नट रुतून बसतो. सहाकोनी सॉकेट लावून आधी किंचित आवळा. ‘कट्’ आवाज आला की पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट. तरीही हलेना, तर तेल नीट पुसून नट तापवायचा, स्टड नव्हे. (तेलावर ज्योत नेलीत तर भडका ठरलेला.) अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) स्टड तुटला, तर मात्र ड्रिल घरी चालवू नका, मशीन शॉप गाठा.