देनारियस
देनारियस हे प्राचीन रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या धामधुमीत, इ.स.पू. २११च्या सुमारास ते पाडले जाऊ लागले. वजन आरंभी सुमारे साडेचार ग्रॅम, पुढे चारच्या आत. किंमत दहा आस (काशाची नाणी), नंतर सोळा.

सुरुवातीचे छाप ठरलेले असत: दर्शनी बाजूस शिरस्त्राणधारी रोमा देवी, मागे भाले रोखून दौडणारे कॅस्टर व पॉलक्स हे जुळे देव. पुढे टाकसाळीवर नेमलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी नाण्यांवर आपल्या घराण्याचे पराक्रम कोरून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या निवडणुकांची ही फुकटची जाहिरातच होती. इ.स.पू. ५४ मध्ये याच पदावर असलेल्या मार्कस ब्रूटसने रोममधून राजांना हुसकावणारा आपला पूर्वज ल्यूशियस ब्रूटस नाण्यावर आणला.

जिवंत रोमन माणसाचा चेहरा मात्र रोमच्या टाकसाळीने टाळला होता. इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तो संकेत मोडला आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. मारेकऱ्यांत ब्रूटस होता. पुढे त्याने सैन्यासाठी पाडलेल्या प्रसिद्ध देनारियसवर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली त्या तारखेचा संक्षेप आहे. दुसऱ्या बाजूला चेहरा खुद्द ब्रूटसचा! राजेशाहीच्या वैऱ्यालाही हा मोह आवरला नाही.

साम्राज्यकाळात दर्शनी बाजू सम्राटाची किंवा त्याच्या कुटुंबीयांची झाली; बातमी असे ती मागच्या बाजूला. सम्राट व्हेस्पेशियनने ज्यूडियाचा (ज्यूंच्या प्रदेशाचा) पाडाव विजयचिन्हापाशी शोक करत बसलेल्या स्त्रीच्या रूपात दाखवला. चांदी मात्र घटत गेली. इ.स. ६४च्या सुमारास नीरोने वजन व कस दोन्ही उतरवले. तिसऱ्या शतकात अँटोनिनिअॅनस या नाण्याने देनारियसला मागे सारले.

भारतात देनारियसचे साठे मुख्यतः दक्षिणेत सापडले. त्यांत पहिला सम्राट ऑगस्टस याचे नातू गायस व ल्यूशियस यांची ढाल-भाल्यांसह नाणी आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबीरियस याची आसनस्थ स्त्रीची नाणी यांचाच भरणा आहे. पैठण व तेरचा माल ज्या भडोच बंदरात जाई, तेथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात नफ्याने बदलत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात म्हटले आहे. पश्चिम दख्खनमध्ये चांदीची रोमन नाणी कमी मिळतात. ती वितळवून क्षत्रपांनी (पश्चिम भारतातील शक राजांनी) आपली नाणी पाडली असावीत, असे काही अभ्यासक मानतात.