तिकीट काढायच्या आधी हे वाचा: जुन्या अमेरिकन गाड्यांच्या ट्रिपबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिका-कॅनडातल्या रेल्वे ट्रिप आखून देतो. आमच्याकडे येणारा नेहमीचा मेसेज असा असतो की आईबाबा मे महिन्यात येतायत, त्यांना शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी कॅलिफोर्निया झेफिर गाडी करायचीय, तिकीट आम्ही ऑनलाइन काढलंय, तुम्ही फक्त डोमच्या डब्यात सीट करून द्या. सोबत एक फोटो असतो, चकचकीत स्टीलची गाडी, टपावर काचेचे घुमट, मागे डोंगर. आता काय सांगणार, फोटोतली गाडी २२ मार्च १९७० ला बंद पडली आणि तुम्ही ज्या गाडीचं तिकीट काढलंय तिला फक्त नाव तेच आहे. मग फोनवर समजवा, मग कॅन्सलेशन, मग घरात चर्चा, मग परत नवीन तारखा आणि तोपर्यंत मे मधले स्लीपर संपलेले. तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवतोय.

मुद्दा एवढाच आहे की गाडीचं नाव बघून बुकिंग करू नका.

जुनी गाडी म्हणजे डबे, रस्ता, चालवणारी कंपनी आणि स्टेशन अशी चार गोष्टींची मोट बांधलेली होती. ती मोट सुटली. आज कुठे नाव शिल्लक आहे पण डबे नाहीत, कुठे डबे अस्सल आहेत पण रस्ता बदललाय, कुठे रस्ता तोच आहे पण स्टेशनात दुकानं आलीत. चारही एकत्र हवं असेल तर कोणीच देऊ शकत नाही, आम्हीही नाही आणि जो देतो म्हणेल त्याला जरा दोन प्रश्न जास्त विचारा. पण चारातलं नेमकं काय हवंय ते सांगितलंत तर बरंच काही मिळतं.

झेफिरचंच बघा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मूळ गाडी २० मार्च १९४९ ला सुरू झाली आणि तीन कंपन्या मिळून ती चालवायच्या, शिकागो ते डेन्वर बर्लिंग्टन, डेन्वर ते सॉल्ट लेक सिटी रिओ ग्रांडे आणि तिथून ओकलंडपर्यंत वेस्टर्न पॅसिफिक. एका गाडीला पाच-पाच डोम असायचे. टाइमटेबलच असं बसवलं होतं की रॉकीज आणि फेदर रिव्हरची घळ दोन्ही दिवसाउजेडी यावं. लवकर पोचायचं असेल त्याच्यासाठी युनियन पॅसिफिक कंपनीच्या रुळांवरून जाणाऱ्या जास्त वेगवान गाड्या होत्या, ही गाडी खिडकीसाठीच होती आणि कंपन्या ते उघड सांगून विकायच्या. प्रवाशांची विचारपूस करायला झेफिरेट म्हणून मुली असायच्या. तिन्ही कंपन्या आज दुसऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेल्यात.

आजची कॅलिफोर्निया झेफिर ही अमेरिकेच्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीची, म्हणजे अॅमट्रॅकची, हे नाव तिला १९८३ मध्ये मिळालं. डेन्वरहून वर चढत जाणारा घाट, मग ६.२ मैलांचा मोफॅट बोगदा, मग कोलोरॅडो नदी धरून ग्लेनवूड स्प्रिंग्स, हा भाग अगदी तोच आहे आणि आमच्या मते पूर्ण अमेरिकेत एवढा देखणा दिवसाचा प्रवास दुसरा नाही. पण पुढे नेवाडातून गाडी रीनो आणि डॉनर पासवरून जाते, फेदर रिव्हरच्या घळीत आता नेहमीची प्रवासी गाडी जातच नाही. डबे दुमजली सुपरलायनर आहेत, डोम नाही. साइटसीअर लाउंज म्हणून एक डबा असतो त्याच्या खिडक्या छताकडे वळत वर जातात, तो छान आहे, सकाळी लवकर जाऊन जागा धरा. पण तो डोम नव्हे.

इथे अजून एक खुलासा. मुंबई-मडगाव जनशताब्दी किंवा डेक्कन क्वीनच्या व्हिस्टाडोममधून जाऊन आलेली मंडळी म्हणतात की आम्हाला माहितीये डोम म्हणजे काय. ते डबे मस्तच आहेत पण तिथे तुम्ही नेहमीच्या मजल्यावर बसता आणि डोक्यावर काच असते. जुन्या अमेरिकन डोममध्ये काही पायऱ्या चढून डब्याच्या टपाच्याही वर जाऊन बसायचं, साधारण २४ सीटा, चहूबाजूंनी काच आणि समोर बघितलं की पुढच्या डब्यांची टपं एकामागे एक, त्यांच्या टोकाला इंजिन, वळण आलं की पूर्ण गाडी वाकताना दिसते आणि सिग्नल हिरव्याचा लाल होतो तो इंजिन त्याच्याजवळून गेल्याबरोबर, आपल्या डोळ्यांदेखत. ही कल्पना सुचली सायरस ऑस्बर्न ह्या जनरल मोटर्सच्या माणसाला, १९४४ मध्ये ग्लेनवूडच्या घळीतून इंजिनात बसून जाताना, की ड्रायव्हरला जे दिसतं ते पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाला का दिसू नये. पुढच्याच वर्षी बर्लिंग्टनने एक जुना डबा कापून पहिला डोम बनवला. त्या घळीत ह्या कल्पनेचं स्मारकसुद्धा उभारलं होतं, हायवेच्या कामात ते हललं, आता गोल्डनच्या कोलोरॅडो रेलरोड म्युझियममध्ये आहे. डेन्वरला थांबणार असाल तर आम्ही ते प्लॅनमध्ये टाकतोच, न सांगता.

मग खरा डोम, खरे डबे, रात्रीचा प्रवास आणि ताटात गरम जेवण हे कुठे मिळतं? कॅनडात. टोरांटो ते व्हँकुव्हर, व्हाया रेल ह्या कॅनडाच्या सरकारी रेल्वे कंपनीची कॅनेडियन नावाची गाडी. हे डबे फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९५४-५५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकसाठी बनवलेले, स्टेनलेस स्टीलचे, त्याच नावाच्या गाडीसाठी. नव्वदच्या सुमाराला त्यांची वायरिंग, हीटिंग वगैरे नवीन केली, कारण आधी डबे वाफेवर तापायचे, पण सांगाडा तोच, डोम तेच आणि शेवटी गोल पाठीचा पार्क डबाही तोच. सत्तर वर्षं झालेले डबे रोजच्या धंद्यात चालतायत, म्युझियममध्ये दोरी लावून ठेवलेले नाहीत. आमचं सगळ्यात जास्त बुकिंग ह्याच गाडीचं असतं आणि त्याचं कारण कमिशन नाही, आधीच सांगतो, कारण ते विचारणारेही असतात.

फक्त रस्ता बदललाय हं. १९९० पासून ही गाडी एडमंटन, जॅस्परकडून जाते, कॅल्गरी आणि बॅन्फचा जुना रस्ता सुटला. बॅन्फच हवं असेल तर रॉकी माउंटेनियर आहे पण ती फक्त दिवसा चालते आणि रात्री कॅमलूप्सला हॉटेलात झोपवतात, म्हणजे जुन्या स्लीपरची मजा नाही. म्हणून म्हटलं, आधी ठरवा की डबा हवाय का डोंगर.

कॅनेडियनमध्ये खोलीची घाई करू नका. बंद केबिन मिळते पण त्याशिवाय सेक्शन म्हणून जुना प्रकार अजून मिळतो, दिवसा समोरासमोर दोन रुंद सोफे, रात्री अटेंडंट येऊन ते ओढून खालचा बर्थ करतो, वरचा बर्थ भिंतीतून खाली उतरवतो आणि पुढे जाड पडदा सोडतो. आपल्या टू टियरमध्ये वाढलेल्यांना हे लगेच जमतं, केबिनपेक्षा स्वस्त पडतं आणि जुन्या पुलमन कंपनीच्या स्लीपर डब्यांमध्ये लोक असेच झोपायचे. खालचाच बर्थ मागा. वरच्याला खिडकी नाही आणि शिडी चढावी लागते. काका-काकूंना वरचा बर्थ आम्ही देतच नाही, कितीही स्वस्त असला तरी, त्यावर वाद घालू नये ही विनंती.

आता वेळेचं. गाडी पोचेल त्याच दिवसाचं विमान काढू नका. रूळ मालगाडीवाल्या कंपन्यांचे आहेत, एकेरी मार्गावर दोन-दोन मैल लांबीची मालगाडी समोरून आली की ती साइडिंगमध्ये मावत नाही म्हणून आपलीच गाडी बाजूला जाऊन थांबते. कधी वेळेवर, कधी कित्येक तास उशीर. चार रात्रींच्या प्रवासाच्या शेवटी आम्ही एक रात्र हॉटेलची धरतोच. ती काढून टाका म्हणून आग्रह होतो, आम्ही काढत नाही. आणि कॅनडाचा व्हिसा. अमेरिकेचा टूरिस्ट व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा लागतो, ते आधी बघा मग आम्हाला फोन करा.

काहींना डबे-बिबे नकोच असतात, त्यांना नाव जगायचं असतं, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकात शिकायला आलेली आणि त्या गाड्यांतून प्रत्यक्ष बसलेली मंडळी. ती सुपर चीफ म्हणतात. सांता फे कंपनीची शिकागो ते लॉस एंजेलिस, १९३६ ची, पावणेचाळीस तासांत पोचवायची. १९७१ च्या १ मे ला बहुतेक सगळ्या कंपन्यांनी प्रवासी गाड्या अॅमट्रॅककडे सोपवल्या, त्यात जवळपास निम्म्या गाड्या एका रात्रीत बंदच झाल्या, सुपर चीफ वाचली. पण सांता फेला पुढे सर्व्हिस पसंत पडेना आणि १९७४ मध्ये त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. धंदा दिला तरी नावाला बट्टा नको, असा तो हिशोब, आणि छोटा धंदा चालवणारा म्हणून मला तो पटतो. आजची साउथवेस्ट चीफ बऱ्याच अंशी त्याच रस्त्याने जाते. तिच्यावर आमची आवडती सोय म्हणजे अॅरिझोनात विन्स्लोला उतरून ला पोसाडात राहणं. फ्रेड हार्वीच्या रेल्वे हॉटेलांपैकी हे एक, मेरी कोल्टरने डिझाइन केलेलं, १९३० चं, १९५७ ला बंद पडलं, १९९७ ला परत उघडलं. गाडी हॉटेलच्या दारातच थांबते, बॅग ओढत जायचं अंतर. खोल्या कमी आहेत, आम्ही आधी हॉटेलची तारीख धरतो आणि मग गाडीची, उलटं नाही.

न्यूयॉर्कवाल्यांसाठी थोडक्यात. ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड म्हणजे ग्रँड सेंट्रलवर लाल गालिचा अंथरून सुटणारी, सोळा तासांत शिकागो गाठणारी गाडी, ती डिसेंबर १९६७ मध्ये गेली. त्याच वर्षी टपाल खात्याने गाड्यांमधली टपालाची बहुतेक कामं काढून घेतली होती आणि तो पैसा गेल्यावर विमान आणि हायवेपुढे कशाचाच हिशोब बसेना. तिची कंपनी न्यूयॉर्क सेंट्रल आणि जन्माची दुश्मन पेनसिल्वेनिया रेलरोड कंपनी १९६८ मध्ये एक झाल्या आणि १९७० च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेल्या. आजची लेक शोर लिमिटेड जवळपास त्याच वाटेने जाते, पण विसेक तास घेते आणि १९९१ पासून ग्रँड सेंट्रलहून सुटत नाही. स्टेशन बघायचं असेल तर वेगळा तास ठेवा, तिथून गाडी पकडायला जाऊ नका, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

शिकागोत दोन दिवस हातात असतील तर बर्लिंग्टनचीच आधीची गाडी, पायोनियर झेफिर, बघा, सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये. २६ मे १९३४ ला ही गाडी डेन्वरहून पहाटे निघून १,०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत तोडून संध्याकाळी शिकागोत आली, गाडीत एक गाढवही होतं. आणि शहराबाहेर युनियन गावात इलिनॉय रेल्वे म्युझियम आहे, तिथे १९३६ ची झेफिर काही ठरावीक दिवशी खरोखर चालवतात. ते दिवस बघूनच आम्ही तारखा सुचवतो, त्यामुळे आम्ही शनिवारचा हट्ट का धरतोय असं वाटलं तर कारण हे आहे.

आमच्या फीबद्दल. वेबसाइटवर तेच तिकीट त्याच भावात मिळतं, ते आम्ही लपवत नाही, तिकिटावर आम्ही एक सेंट जास्त लावत नाही. फी आहे ती प्लॅनची, म्हणजे कुठल्या बाजूला बसायचं, कुठला तुकडा दिवसा यायला हवा, कुठे उतरून रात्र काढायची, उशीर झाला तर फोन कोण उचलणार, ह्याची. तुम्ही आधी तिकीट काढून आणलंत तर फी कमी होत नाही, उलट मोडतोड करावी लागते म्हणून काम वाढतं.

तेव्हा मेसेज पाठवताना गाडीचं नाव शेवटी लिहा. आधी लिहा की डोम हवाय, जुना डबा हवाय, अमुक घाट हवाय का आजोबा ज्या स्टेशनवर उतरले होते ते बघायचंय. जुनं तिकीट, टाइमटेबल, पोस्टकार्ड घरात असेल तर त्याचा नीट फोटो पाठवा, साल दिसेल असा, सालावरून अर्ध्या गोष्टी कळतात. किती जण, वयं काय, गुडघ्यांची परिस्थिती काय (सुपरलायनरचा जिना अरुंद आणि वळणाचा आहे), पासपोर्ट कुठला. स्लीपरच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं आणि शाकाहारी मिळतं पण आधी सांगावं लागतं, कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दशम्या आणि चटणी बरोबर ठेवलेली बरी. उन्हाळ्यातली कॅनेडियन हवी असेल तर आदल्या दिवाळीच्या आसपास कळवा, खालचे बर्थ आधी जातात.