शितावरून भात कळतो, खडा कळत नाही

बेळगाव तालुक्यातल्या एका पॅकिंग शेडच्या भिंतीवर लॅबचा रिपोर्ट लॅमिनेट करून टांगलेला होता. कोथिंबिरीत साल्मोनेला नाही, ई. कोलाय नाही, म्हणजे पोटाचे आजार करणारे जंतू नाहीत. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. खाली धुण्याच्या टाकीत त्या दिवशीचं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. मी पाण्याबद्दल विचारलं तर शेडचे मालक म्हणाले, "रिपोर्ट क्लिअर आलाय की मॅडम, आणि काय बघायचं?" हे वाक्य मी कडोलीपासून संकेश्वरपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

नमुन्याची तपासणी आणि नियंत्रणाची पडताळणी ही दोन वेगळी कामं आहेत. लॅबला पाठवलेल्या पिशवीत काय सापडलं, एवढंच तपासणी सांगते. पडताळणीत बघायचं असतं ते हे, की घाण आणि जंतू रोखायला आपण जे ठरवलं (पाणी, क्लोरीन, क्रेट, हात, थंडावा) ते आज खरंच झालं का आणि लागू पडलं का. नमुना तपासणं हे पडताळणीचं एक साधन आहे, हे मान्य. पण एका साधनालाच सगळी पडताळणी समजायची, तिथे घोळ होतो.

हा घोळ कुठून आला तेही मला ठाऊक आहे. आपल्या भागाला लॅबची सवय लागली ती कीडनाशकाच्या अंशामुळे. 2010 साली क्लोरमेक्वाटपायी, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधापायी, भारतातली द्राक्षं युरोपात अडकली. तेव्हापासून अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना नमुना कसा काढायचा, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, हे तोंडपाठ आहे. त्यांना ते मी काय सांगणार?

फवारणी अख्ख्या प्लॉटवर होते. कुठे जास्त, कुठे कमी, पण औषध बहुतेक सगळ्या घडांवर पोचतं. म्हणून दहा ठिकाणचे घड एकत्र केले की तो नमुना प्लॉटच्या वतीने बोलतो. शितावरून भाताची परीक्षा करतात ती अशी.

जंतूंचं तसं नसतं. एका कडेच्या चार वाफ्यांत नाल्याचं पाणी शिरलं, एका कोपऱ्यात कच्चं शेणखत पडलं, रात्री कुणाची तरी गुरं शिरली. बाकीचं रान स्वच्छ असतं. जंतू म्हणजे भातातला खडा. शीत दाबून भात शिजलाय की नाही हे कळेल, पातेल्यात खडा आहे की नाही हे कसं कळणार?

आकडा मांडून बघा. अमेरिकेत पालेभाजीच्या एका लॉटमधून 60 ठिकाणचा नमुना घ्यायची पद्धत रूढ आहे. समजा, हजारात एक काडी दूषित आहे आणि तुम्ही 60 काड्या उचलल्या. त्यात ती एक काडी येण्याची शक्यता 6 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे असे शंभर लॉट तपासले तर चौऱ्याण्णव वेळा रिपोर्ट क्लिअर येईल आणि दूषित माल चोर्ला घाट उतरून गोव्यात पोचेल. शंभरात एक काडी दूषित असली, म्हणजे बरीच घाण, तरी 60 काड्यांत ती सापडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. हजारात एक असलेली काडी 95 टक्के खात्रीने पकडायची तर जवळपास 3000 काड्या उचलाव्या लागतील. मग विकायचं काय?

इथेच नव्या यंत्रांचे विक्रेते गल्लत करतात आणि त्याचा मला खरोखर राग येतो. कोविडमुळे पीसीआर घराघरात माहीत झाली. आता शेडमध्ये ठेवायची छोटी पीसीआर मशीन दाखवून "काही तासांत खात्री" म्हणतात. मशीन चांगलीच आहे. पण उत्तर लवकर येतं ते उचललेल्या काड्यांचं. जी काडी उचललीच नाही, तिच्याबद्दल मशीन काय बोलणार?

2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायची साथ पसरली. सुमारे 4000 लोक आजारी पडले, पन्नासाहून जास्त दगावले. संशय होता तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. त्या बियांचे नमुने तपासले, तर त्यांत तो जंतू सापडला नाही. कोणी कुठे काय खाल्लं आणि तो माल कुठून आला, याच्या नोंदी जुळवत जुळवत तपास बियांपर्यंत पोचला.

मग पडताळणीला कोणतं तंत्रज्ञान कामाचं? माझं मत पक्कं आहे. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पीसीआर राहू द्या आणि टाकीत पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) व ओआरपीचा, आपोआप नोंद ठेवणारा सेन्सर बसवा. ओआरपी म्हणजे पाण्याची जंतू मारायची धमक, मिलिव्होल्टमध्ये. साधारण 650 च्या वर ती टिकवायची असते. पट्टी बुडवून क्लोरीन बघणं सगळ्यांना येतं, पण पट्टी फसवते. ब्लिचिंग पावडर वाढवत गेलं की पाण्याचा पीएचही चढतो. पीएच साडेसात असला तर निम्मं क्लोरीन जोरात काम करतं, साडेआठ झाला तर जेमतेम दहावा हिस्सा. पट्टी मात्र गडदच दिसते.

सेन्सर सतत बघतो ती देखरेख. त्या नोंदी दुसऱ्या माणसाने वाचणं आणि सेन्सर खरं बोलतोय का हे पडताळून घेणं, ही पडताळणी. याहून जास्त काथ्याकूट नको.

नमुन्याचीच दुबळी बाजू सुधारणारी एक युक्ती मला आवडते. मूठभर पानं तोडण्याऐवजी खास कापड वाफ्यावरून फिरवायचं आणि ते कापड लॅबला द्यायचं. कापड हजारो पानांना शिवतं, माल वाया जात नाही. आधी मांसासाठी वापरलेली ही पद्धत अमेरिकेत आता पालेभाजीवर आणली आहे.

एटीपी मीटर (सजीव पेशींतला एटीपी नावाचा पदार्थ मोजणारं यंत्र) क्रेट नीट धुतलाय का ते सांगतो, पण गाजराच्या रसालाही आकडा दाखवतो. त्याला जंतू मोजायचं यंत्र म्हणू नका. आणि क्यूआर कोड म्हणजे पत्ता. पेंडी कुणाच्या रानातली हे कळतं, ती कशा पाण्यात बुडवली हे नाही.

त्याच शेडमध्ये पुढे सेन्सर बसला, गाजराच्या टाकीवर. आठवड्याने आलेख काढला तर रोज सकाळी अकराच्या सुमारास ओआरपीची रेघ 700 वरून 400 च्या खाली. वहीत क्लोरीनपुढे मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच पेनाने "100 पीपीएम, ओके". अकराला एका ओल्या रानातलं चिखलाचं गाजर यायचं, तो चिखल क्लोरीन खाऊन टाकायचा आणि पुढची पोती त्याच पाण्यात बुडायची. आता ते गाजर आधी बाहेर पाइपने धुतात, मग टाकीत सोडतात.