अटकेचे कारण विचारण्याचा हक्क : ‘हेबियस कॉर्पस’ची पार्श्वभूमी

शासनाच्या अधिकाराला मर्यादा असावी, हे तत्त्व आज बहुतेक राज्यघटनांत कोणत्या ना कोणत्या शब्दांत लिहिलेले आढळते. ती मर्यादा प्रत्यक्षात कुठे पडते हे पाहायचे असेल, तर मात्र एका साध्या प्रश्नापाशी यावे लागते : शासनाने एखाद्या माणसाला उचलून कोठडीत टाकले, तर त्याच्या वतीने ‘का?’ असे कोण विचारू शकते, आणि त्याचे उत्तर देणे शासनावर बंधनकारक असते का? ‘हेबियस कॉर्पस’, म्हणजेच बंदी प्रत्यक्षीकरणाचा (कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्याचा) आदेश, याचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. व्यक्तिस्वातंत्र्य कितपत टिकले हे मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा या रुक्ष न्यायालयीन कागदावरून अधिक खरेपणाने कळते, असे मला वाटते.

या इतिहासाची सुरुवात सहसा १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून सांगितली जाते. बंडखोर सरदारांच्या दबावाखाली इंग्लंडच्या जॉन राजाने मान्य केलेल्या त्या सनदेच्या ३९ व्या कलमात, कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैद केले जाणार नाही, असे वचन होते. ‘स्वतंत्र’ या शब्दाने भूदास असलेली बहुसंख्य ग्रामीण प्रजा बाहेर राहिली, आणि पोपने तर तीन महिन्यांच्या आतच सनद रद्दबातल ठरवली. तरीही पुढच्या राजवटीत ती पुन्हा जारी झाली आणि टिकली. हेबियस कॉर्पसचा आदेश मात्र या सनदेतून निघालेला नाही. माणसाला न्यायालयापुढे हजर करवण्याचे ते मुळात सत्तेचेच साधन होते, आणि ते राजाविरुद्ध वळवायला वकिलांच्या कित्येक पिढ्या लागल्या.

खरी कसोटी १६२७ मध्ये लागली. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंटची संमती न घेता सक्तीचे कर्ज वसूल करायला घेतले आणि नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांपैकी पाच सरदारांनी न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याने कारण म्हणून एवढेच कळवले की, राजाच्या खास आज्ञेवरून त्यांना ठेवले आहे. न्यायाधीशांनी त्यांना जामीन नाकारला. याचा अर्थ सरळ होता : आज्ञा हेच कारण मानले, तर कारण विचारण्यात काही उरत नाही. पुढच्याच वर्षी एडवर्ड कोक यांच्यासारख्या कायदेपंडितांच्या पुढाकाराने पार्लमेंटने ‘पिटिशन ऑफ राइट’ मंजूर करून अशा कारणाविना कैदेला बेकायदा ठरवले. पण तत्त्व मान्य झाले तरी पळवाटा राहिल्याच. न्यायालयाला सुट्टी आहे, कैद्याला दुसरीकडे हलवले आहे, अशा सबबी चालत राहिल्या.

१६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने या पळवाटा बुजवल्या. या कायद्यात स्वातंत्र्याची व्याख्या नाही. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत आणि शंभर मैलांच्या पलीकडे असेल तर वीस दिवसांत कैद्याला हजर करावे, त्याला समुद्रापार पाठवू नये, आदेश न पाळणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला १०० पौंड आणि सुट्टीच्या काळात आदेश नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड दंड व्हावा, असा त्यातला मजकूर आहे. उलट १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या सातव्या कलमात मनमानी अटकेविरुद्धचे तत्त्व उत्तम शब्दांत मांडलेले होते. पण चारच वर्षांनी, सप्टेंबर १७९३ मध्ये, संशयितांचा कायदा आला आणि नुसत्या संशयावरून माणसे तुरुंगात जाऊ लागली.

भारतात ब्रिटिशांनी न्यायालये आणली आणि त्यांना वळसा घालण्याची सोयही स्वतःच करून ठेवली. बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशननुसार कोणालाही खटल्याविना ‘राज्याचा कैदी’ म्हणून ठेवता येत असे. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना मंडालेला पाठवले ते याच तरतुदीखाली. १९१९ चा रौलट कायदा त्याच वळणाचा होता. १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा नियमच अवैध ठरवला, तेव्हा सरकारने लगेच वटहुकूम काढून ती त्रुटी भरून काढली.

हा अनुभव ताजा असतानाही संविधान सभेने प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खटल्याविना कैदेत ठेवणे, स्वीकारली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. मसुद्यातील ‘यथोचित कायदेशीर प्रक्रिया’ या अर्थाचे शब्द गाळून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच ठेवले गेले, म्हणजे कायदा न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचे न्यायालयांचे काम जवळपास संपले. त्यावर तीव्र टीका झाल्यावर सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आधी जे झाले त्याची भरपाई म्हणून, नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटकेची कारणे कळवणे आणि ठरावीक मुदतीनंतर स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची संमती घेणे, ही किमान बंधने त्यातून आली.

त्यांची परीक्षा लगेच झाली. १९५० मध्ये स्थानबद्ध केलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा उचलून धरला. मात्र अटकेची कारणे न्यायालयापुढेही उघड करण्यास मनाई करणारे त्याचे १४ वे कलम न्यायालयाने रद्द केले. या निकालावर टीका करताना हा भाग बहुधा विसरला जातो. माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कारण आणीबाणीत नेमके तेच परत आले. २५ जून १९७५ नंतर ‘मिसा’, म्हणजे अंतर्गत सुरक्षेसाठी स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात कलम १६ अ घालण्यात आले आणि अटकेची कारणे न्यायालयापासूनही गोपनीय ठरवली गेली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणाऱ्या अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने आधीच तहकूब झाला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरीही दाद मागता येणार नाही का? आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी याच वादावरील जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. १६२७ चे इंग्रज न्यायाधीश राजाच्या आज्ञेपाशी थांबले होते. येथे साडेतीनशे वर्षांनी, लिखित संविधान हाती असूनही, तेच घडले. विरोधी मत देणाऱ्या खन्नांना जानेवारी १९७७ मध्ये डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

पुढची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरले, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ ची दाद मागण्याचा हक्क तहकूब करता येणार नाही असे केले. जबलपूरचा निकाल मात्र थेट खोडला गेला तो २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. तेथील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र.

त्या ४४ व्या दुरुस्तीत आणखी एक कलम होते. सल्लागार मंडळाविना स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणे, आणि मंडळावर आजी-माजी उच्च न्यायालयीन न्यायाधीशच नेमणे, हा त्याचा आशय. ते कधी अमलात आणायचे हे संसदेने केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर सोपवले. अधिसूचना निघेना, तेव्हा ए. के. रॉय यांच्या प्रकरणात ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. डिसेंबर १९८१ च्या निकालात न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. ज्याच्या अधिकाराला ते कलम आवर घालणार होते, त्याच सरकारच्या टेबलावर ते तेव्हापासून पडून आहे.