गाजर, इसबगोल आणि पाच टक्के रंग

कृत्रिम खाद्यरंगांवर गाजर किंवा इसबगोल हा उतारा असल्याचा दावा अधूनमधून फिरत असतो. तो हवेतून आलेला नाही. त्याचं मूळ 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात संशोधक बेंजामिन एर्शॉफ यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. मात्र मूळ निष्कर्ष आणि आज सांगितली जाणारी गोष्ट यांत बरंच अंतर पडलं आहे.

पहिला रंग होता लाल ‘अ‍ॅमरँथ’. नाव राजगिऱ्याच्या कुळाचं, पण त्याच्याशी संबंध काहीच नाही. हा कृत्रिम रंग, मूळचा कोळशाच्या डांबरातून आलेला. अमेरिकेने 1976 मध्ये तो खाण्यातून हद्दपार केला. एर्शॉफ यांनी 1974 मध्ये त्याचे, तर 1977 मध्ये टार्ट्राझिन आणि सनसेट यलो या पिवळ्या रंगांचे निष्कर्ष छापले. वाढीच्या वयातल्या उंदरांचे दोन गट, दोघांच्या अन्नात रंग 5 टक्के. एका गटाला प्रयोगशाळेतलं नेहमीचं धान्याचं खाद्य, दुसऱ्याला साखर, केसीन (दुधातलं प्रथिन), तेल, क्षार आणि जीवनसत्त्वं एकत्र करून बनवलेलं ‘शुद्ध’ खाद्य. धान्य खाणाऱ्यांना काही झालं नाही. शुद्ध खाद्यावरच्यांची वाढ खुंटली, केस विस्कटले आणि पिवळ्या रंगांच्या प्रयोगात निम्मे किंवा त्याहून अधिक उंदीर 14 दिवसांत मेले. त्याच खाद्यात गाजराची पूड, इसबगोल किंवा लसूणघासाची पूड (होय, आपल्याकडे गुरांना घालतात तोच घास) मिसळल्यावर हे परिणाम बऱ्याच अंशी टळले. जीवनसत्त्वं आधीच पुरेशी होती, म्हणजे वाचवणारं काही वेगळंच होतं.

संशय तंतूंवर, म्हणजे चोथ्यावर गेला. जपानमध्ये ताकेडा आणि किरियामा यांनी 1979 मध्ये वेगवेगळे तंतू तपासले, तेव्हा पाण्यात जास्त फुगून जागा व्यापणारे तंतू जास्त संरक्षण देतात असं दिसलं. टार्ट्राझिनसारखे अझो रंग (कृत्रिम रंगांचा एक गट) आतड्यातून जसेच्या तसे फार थोडे शोषले जातात. बहुतेक रंग मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथले जीवाणू त्याचे तुकडे करतात. फुगलेला चोथा त्या रंगाला पातळ करतो, काही धरून ठेवतो आणि पुढे ढकलतो, असा अंदाज आहे. म्हणूनच गाजराचा रस गाळून प्यायला तर नेमकी कामाची वस्तू गाळणीत राहते.

आता प्रमाण पाहू. 5 टक्के म्हणजे किलोभर अन्नात 50 ग्रॅम रंग. भारतात परवानगी असलेल्या रंगांची बहुतेक पदार्थांतली कमाल मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतकी. गाजराचंही तसंच. माणूस दिवसाला साधारण 450 ग्रॅम कोरडं अन्न खातो असं धरलं, तर त्यात समजा 10 टक्के गाजराची पूड घालायची म्हणजे 45 ग्रॅम; तेवढी निघायला ताजी गाजरं पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास लागतात. बिर्याणीसोबतच्या गाजराच्या चार चकत्या त्या हिशेबात बसत नाहीत. इसबगोल घ्यायचंच असेल तर एक चमचा भुशी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी. पाणी कमी पडलं तर ती घशातच फुगून अडकते. औषधाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर भुशी औषधही अडवून धरते.

आमच्या मते या प्रयोगांचा खरा धडा उलट्या बाजूने वाचावा: चोथा काढलेल्या आहाराने रंगाचा त्रास वाढवला. आणि भडक रंग येतो तोही बहुधा मैदा, साखर आणि सरबतातच.

मुलांच्या चंचलतेबद्दलचा 2007चा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास वेगळा. त्यात सहा रंग आणि सोडियम बेन्झोएट (अन्न टिकवणारं रसायन) यांची मिश्रणं तपासली होती, तंतूंचा प्रश्नच नव्हता. युरोपात ते रंग असलेल्या पदार्थांवर 2010 पासून मुलांच्या चंचलतेबद्दलचा इशारा छापावा लागतो. मेटॅनिल यलोसारखा खाण्यासाठी परवानगीच नसलेला रंग तर या हिशेबाबाहेरच. हळदीत भेसळ म्हणून घातलेला तो प्रयोगशाळेत ओळखता येतो: तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर आलेला गुलाबी रंग पाणी घातल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलो, निव्वळ हळदीचा रंग पाण्याने जातो.