तालमीतला श्वास: एकत्र गाणाऱ्यांचे सूत का जुळते

२०१५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेल्या वर्गांमधील माणसांची आपापल्या वर्गाशी जवळीक कशी वाढते, हे त्यांनी सात महिने पाहिले. काही वर्ग गाण्याचे होते, तर काही हस्तकलेचे आणि सर्जनशील लेखनाचे. अखेरीस सर्वच वर्गांतील आपलेपणा जवळजवळ सारखा झाला, मात्र गाणाऱ्यांमध्ये तो पहिल्या महिन्यातच अधिक वेगाने वाढला होता. हस्तकला करताना शेजाऱ्याशी बोलता येते, गाताना येत नाही, आणि तरीही गाणारेच आधी जवळ आले, ही गोष्ट मला या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते.

सोलापूरकरांनी तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. सिद्धेश्वरांच्या या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. आठवड्यातून एकदा जमणाऱ्या हौशी भजनी मंडळात विणकर घरातील तेलुगू भाषक काकू, मराठी शिक्षिका आणि घरी कन्नड बोलणाऱ्या आजी मांडीला मांडी लावून बसू शकतात, आणि मराठी अभंगामागून कन्नड वचन, म्हणजे शिवभक्तीची छोटी रचनाही, गायली जाऊ शकते. गप्पांतून मैत्री व्हायची तर आधी समान भाषा आणि समान विषय लागतो. गाण्यात शब्द आयते मिळतात आणि जवळीक वेगळ्या वाटेने येते. ती वाट, माझ्या मते, मुख्यतः श्वासाची आहे.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. गाताना तो चटकन आत घ्यावा लागतो आणि ओळ संपेपर्यंत पुरवून पुरवून सोडावा लागतो; ओळ आठ-दहा सेकंदांची असली की श्वासाची गती मिनिटाला सहा-सातवर येते. हृदयाची गती या लयीशी बांधलेली असते. श्वास आत घेताना ती किंचित वाढते आणि सोडताना, हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा अंकुश पुन्हा लागू झाल्याने, उतरते. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने दाखवून दिले की, लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळ किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर स्थिरावतो आणि हृदय व रक्तदाब यांची आवर्तनेही त्याच लयीत येतात. पुढे २०१३ साली स्वीडनमध्ये ब्यॉर्न विकहॉफ यांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांची हृदयगती मोजली, तेव्हा नियमित रचनेचे गाणे एका सुरात गाताना ती सर्वांची एकाच वेळी चढते-उतरते असे आढळले. ठोके एकाच क्षणी पडतात, असा याचा अर्थ नव्हे. जुळतो तो गतीचा चढउतार.

येथे भजनाची रचना पाहण्यासारखी आहे. पाश्चात्त्य वृंदगानात लांब स्वर तुटू नये म्हणून गायक अनेकदा पाळीपाळीने श्वास घेतात. भजनात बुवा चरण म्हणतात आणि मंडळी तो मागून उचलतात. म्हणजे बुवा गात असतानाच बाकी सर्वांना श्वास भरून घ्यावा लागतो, आणि गाणे उचलण्याचा क्षण सर्वांचा एकच असतो. श्वास जुळण्यास याहून अनुकूल रचना सहज सुचणार नाही.

श्वासाइतकेच महत्त्व ऐकण्याला आहे. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो, त्यामुळे समूहात तो तोलणे अवघड जाते. त्यात भोवतीचा गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो; फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली ही गोष्ट नोंदवली. टाळ जोरात वाजू लागले की एक जण आवाज चढवतो, मग शेजारचा, आणि थोड्या वेळात कोणालाच कोणी ऐकू येत नाही. स्वीडनमधील स्टेन टर्नस्ट्रॉम यांच्या प्रयोगांत वृंदगायकांनी स्वतःचा आवाज इतरांच्या एकत्रित आवाजापेक्षा सरासरी सुमारे ६ डेसिबलने वर असणे पसंत केले. एवढ्या फरकात आपला सूरही कळतो आणि शेजाऱ्याचाही. एक आवाज २२० हर्ट्‌झवर (सेकंदाला २२० कंपने) आणि दुसरा २२२ वर लागला तर सेकंदाला आवाजाचे दोन हेलकावे, म्हणजे चढउतार, ऐकू येतात. ते ओळखून सूर सरकवणे हे तालमीचे खरे काम आहे, आणि ते दुसऱ्याकडे लक्ष दिल्याशिवाय होतच नाही. (सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने स्वरतंतूंवरचे ओलसर आवरण सुकते आणि कंपन सुरू होण्यास फुप्फुसांचा अधिक दाब लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये तालीम दिवस मावळल्यावर घ्यावी आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.)

एकत्र गाण्यानंतर वेदना सोसण्याची क्षमताही वाढलेली आढळते. मेंदूतील एंडॉर्फिन हे वेदना शमवणारे रसायन थेट मोजणे कठीण असल्याने संशोधक या वाढीवरून त्याचा अंदाज बांधतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात २० ते ८० जणांचे छोटे गट आणि २३२ जणांचा एकत्रित वृंद यांची तुलना केली गेली. दीड तासाच्या गाण्यानंतर क्षमतेतील ही वाढ दोन्हीकडे दिसली आणि मोठ्या वृंदात, जेथे अनेकांची तोंडओळखही नव्हती, आपलेपणाची वाढ अधिक होती.

अर्थात हस्तकलेच्या वर्गानेही सात महिन्यांत गाणाऱ्यांना गाठले होते, हे विसरता येत नाही. गाणे सुरुवातीचा संकोच घालवते. पुढचा स्नेह न आलेल्याची चौकशी करण्यातून, चहातून आणि एकाच रिक्षाने घरी परतण्यातून वाढतो, आणि त्यासाठी दर आठवड्याला भेटावेच लागते. म्हणूनच वर्षातून एकदा होणाऱ्या कार्यक्रमापेक्षा साप्ताहिक तालीम मला अधिक महत्त्वाची वाटते. वर सांगितलेली गायनाची मोजमापे युरोपातील गायकांवर झाली आहेत. बुवांमागून चरण उचलणाऱ्या टाळकऱ्यांची हृदयगती किती घट्ट जुळते, हे पाहायला छातीवर बांधायचे काही हृदयगतीमापक पट्टे आणि एका संध्याकाळची तालीम एवढे पुरे आहे. सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेने हा प्रयोग जरूर हाती घ्यावा.