विंग मिटते तेव्हा: पॅराग्लायडिंगमधल्या आणीबाणीच्या शिकवणीमागचा इतिहास

हवेत असताना डोक्यावरची अर्धी विंग अचानक मिटली, तर पहिल्या दोन सेकंदांत काय करायचं? आज कुठल्याही चांगल्या शाळेत उत्तर मिळतं: आधी दिशा सांभाळा, मग विंग उघडा, आणि उंची पुरत नसेल तर रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीसाठी सोबत बाळगलेलं राखीव पॅराशूट, फेका. खेळ सुरू झाला तेव्हा हे उत्तर तयार नव्हतं. ‘हात वर करा, विंग आपली आपण उघडेल’, म्हणजे ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या, हातात धरायच्या दोऱ्या) सोडा, एवढीच शिकवण बराच काळ चालत आली, आणि तेव्हाच्या विंगांपुरती ती बरीचशी बरोबरही होती. ती का बदलली हे कळलं, तर आजच्या सूचना नुसत्या पाठ करण्यापेक्षा पक्क्या डोक्यात बसतात, असं मला मनापासून वाटतं.

आधी विंग मिटतेच का, ते पाहू. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या तोंडांतून शिरणारी हवा आतले कप्पे फुगवते, आणि त्या दाबावर व पायलटच्या वजनाने ताणलेल्या दोऱ्यांवर सगळा आकार टिकून असतो. समोरून येणाऱ्या हवेशी होणारा विंगचा कोन फार कमी झाला, उदाहरणार्थ जोरदार थर्मलमधून (तापून वर चढणाऱ्या हवेतून) बाहेर पडताना, तर पुढची कड खाली दुमडते. हा कोलॅप्स. ब्रेक जास्त ओढल्याने कोन फार वाढला, तर उलटं होतं: विंगवरून हवेचा प्रवाह सुटतो आणि स्टॉल होतो; एकाच बाजूने सुटला तर स्पिन. खरी अडचण या दोन टोकांच्या मधली आहे. कोलॅप्सने घाबरलेला पायलट उघड्या बाजूचा ब्रेक खच्चून ओढतो, आणि आधीच निम्म्या कापडावर वजन पेलत असलेली ती बाजूही स्टॉल होते. बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत सुटणारा प्रसंग असा जिवावर बेततो.

या विंगचं मूळ पॅराशूटमध्ये आहे. डॉमिना जालबर्ट यांनी १९६४ मध्ये हवेने फुगणाऱ्या, कप्प्यांच्या विंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. अंतराळयानं जमिनीवर परत आणण्याच्या कामासाठी डेव्हिड बॅरिश यांनी ‘सेलविंग’ बनवली होती. १९६५ मध्ये ती घेऊन ते न्यूयॉर्क राज्यातल्या उतारावरून उडाले. पण खेळ म्हणून हे सगळं रुजलं ते १९७८ मध्ये, फ्रेंच आल्प्समधल्या मियूसी गावाजवळ. जाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे तिघे पॅराशूटने उड्या मारणारे. विमानाचा खर्च न करता नेमक्या जागी उतरण्याचा सराव व्हावा, म्हणून ते चौकोनी पॅराशूट फुगवून उतारावरून धावत सुटले.

ती पॅराशूटं उडी मारल्यावर उघडण्याचा धक्का सोसण्यासाठी बनलेली होती. एक मीटर खाली येताना जेमतेम तीनेक मीटर पुढे जात. उड्डाण मिनिटांत मोजण्याजोगं. आखूड, बसकी विंग मिटली तरी फटकन उघडे. म्हणूनच ‘हात वर करा’ पुरेसं होतं. अनेकजण रिझर्व्हशिवाय उडत, कारण ते फेकण्याइतकी उंचीच बहुधा नसे.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून चित्र बदललं. खास या खेळासाठी हलकं, हवा न झिरपणारं कापड आलं, विंग लांबट झाली, दोऱ्या बारीक झाल्या. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसेनला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तोवर पायलट दुपारच्या तापलेल्या हवेत थर्मल शोधत तासन्‌तास उडू लागले होते. लांबट विंगचा एक दुर्गुण असा की तिचं मिटलेलं टोक दोऱ्यांमध्ये अडकून बसू शकतं. याला क्रॅव्हॅट म्हणतात. अडकलेलं टोक हवेत वल्ह्यासारखं ओढ धरतं, विंग त्या बाजूला वळते, वळण वेग घेतं आणि काही फेऱ्यांत त्याचं स्पायरल, म्हणजे गोल गोल फिरत वेगाने खाली जाणं, होतं. इथे हात वर करून वाट पाहणं म्हणजे उंची फुकट घालवणं.

उत्पादकांकडून आणि संघटनांकडून आलेलं पहिलं उत्तर चाचण्यांचं होतं. जर्मनीत डीएचव्ही या संघटनेने १ ते ३ अशी श्रेणी ठरवली, फ्रान्समध्ये वेगळी पद्धत होती, आणि पुढे युरोपीय मानक ईएन ९२६ ने विंगांना ए, बी, सी, डी हे वर्ग दिले. मानकाच्या एका भागात विंगची ताकद तपासतात. उड्डाणातल्या एकूण कमाल वजनाच्या आठपट भार तिला पेलावा लागतो. दुसऱ्या भागात चाचणी-पायलट मुद्दाम कोलॅप्स करतो, स्टॉल करतो, स्पायरलमध्ये जातो, आणि विंग किती वळते, किती पुढे झेपावते, किती वेळात सावरते याची नोंद होते.

या चाचणीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे फार जणांची गल्लत होते. कोलॅप्सनंतर पायलटने काहीच केलं नाही तर विंग काय करेल, हे ती प्रामुख्याने सांगते. आणि तेही शांत हवेत. खवळलेल्या हवेत, घाबरलेल्या हातांनी चुकीचा ब्रेक ओढला तर काय होईल, याचं उत्तर त्या अक्षरात नाही. सर्वांत सौम्य समजल्या जाणाऱ्या ए वर्गाची विंगसुद्धा स्टॉल करता येते.

ही पोकळी भरून काढली एसआयव्ही या प्रशिक्षणाने. ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ, उड्डाणातल्या प्रसंगाची नक्कल. कल्पना धाडसी होती: ज्या गोष्टीची भीती वाटते ती मुद्दाम, भरपूर उंचीवर, पाण्यावर करायची. फ्रान्समधलं ॲनसी सरोवर, इटलीतलं गार्डा आणि तुर्कीतल्या ओलुडेनिझचा किनारा या शिक्षणाची ठिकाणं म्हणून जगभर ओळखली जातात. ओलुडेनिझला बाबादाग डोंगरावरून सुमारे १,९०० मीटर उंचीवरून उडता येतं, म्हणजे एकाच उड्डाणात अनेक प्रसंगांचा सराव. प्रशिक्षक खालून रेडिओवर बोलतो, पायलटच्या अंगात लाइफ जॅकेट असतं, पाण्यात बोट तयार असते. पाणी मऊ म्हणून निवडलेलं नाही. वेगाने आपटलं तर तेही जीव घेतं. खाली खडक, तारा, झाडं नसावीत आणि रिझर्व्हखाली उतरल्यावर हाडं शाबूत राहावीत, हा हेतू. दोऱ्यांत गुरफटून बुडण्याचा धोका मात्र खरा असतो, म्हणून बोटीशिवाय हे प्रशिक्षण करूच नये.

एसआयव्हीमध्ये वर्षानुवर्षं वाद राहिला तो फुल स्टॉलचा. दोन्ही ब्रेक पूर्ण ओढले की विंग मागे पडते, तिचा चोळामोळा होतो आणि पायलट सरळ खाली जातो. सुरुवातीला शिकवत की स्टॉल करा, विंग डोक्यावर येईपर्यंत थांबा, मग ब्रेक सोडा. पण चुकीच्या क्षणी सोडले तर विंग इतक्या जोरात पुढे झेपावते की पायलट तिच्यात पडू शकतो. सुधारणा आली ती ॲक्रोबॅटिक्स करणाऱ्यांच्या सरावातून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनचे राऊल रॉड्रिग्ज आणि त्यांच्या साथीदारांनी विंगला नव्या रीतीने फिरवून दाखवलं. त्या पिढीला दिवसातून अनेकदा स्टॉलमधून बाहेर यावं लागे. त्यातून ‘बॅकफ्लाय’ ही अवस्था पक्की केली गेली: स्टॉलनंतर हात थोडे वर आणायचे, विंग पसरलेली पण मागे सरकत राहते, तिथे तिला स्थिर करायचं आणि मगच दोन्ही हात सारखे, हळू वर सोडायचे. न सुटणारा क्रॅव्हॅट सोडवायलाही हीच युक्ती वापरतात. नवख्या पायलटने ती एका आठवड्यात शिकावी, असं मला वाटत नाही. अर्धवट आलेला फुल स्टॉल कमी उंचीवर आठवला, तर तो रिझर्व्ह फेकण्याचा वेळ खातो.

हार्नेसच्या, म्हणजे पायलट ज्यात बसतो त्या पट्ट्यांच्या आसनाच्या, बाबतीतही असाच धडा मिळाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिरप्या पट्ट्यांचे हार्नेस लोकप्रिय होते. कोलॅप्समध्ये पायलट कलू नये म्हणून त्या पट्ट्या. कलणं थांबलं, पण वजन टाकून वळवण्याची मुभाही गेली आणि दोऱ्यांना पीळ पडण्याचा धोका वाढला. पट्ट्या मागे पडल्या. आज पाय लांब करून झोपायच्या पॉड हार्नेसमध्ये पिळाचा प्रश्न पुन्हा उभा आहे, म्हणून विंग बिघडली की आधी गुडघे पोटाशी घ्यायला शिकवतात.

ढगाच्या ओढीची गोष्ट वेगळीच. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे, जागतिक स्पर्धेआधीच्या सरावात, जर्मन संघाच्या एवा विश्नियर्स्का वादळी ढगात खेचल्या गेल्या आणि ९,९४६ मीटरवर पोहोचल्या. प्राणवायूअभावी अर्ध्या तासाहून अधिक काळ त्या बेशुद्ध होत्या. विंग स्वतःच उडत राहिली आणि त्या वाचल्या. त्याच वादळात चीनचे पायलट झोंगपिन (आडनाव ‘हे’) मृत्युमुखी पडले. उंची घटवण्याच्या ठरलेल्या युक्त्या तिथे तोकड्या पडतात. विंगची टोकं दुमडण्याच्या ‘बिग इअर्स’ने खाली येण्याचा वेग थोडाच वाढतो. स्पायरलने तो सेकंदाला दहा मीटरच्या पुढे जातो, पण वजन कित्येक पटींनी वाढतं, डोक्यातलं रक्त उतरतं आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून आता भर ढग ओळखून वेळेत उतरण्यावर आहे.

२०११ मध्ये स्पेनमधल्या पिएद्राहिता इथल्या जागतिक स्पर्धेत दोन पायलट मृत्युमुखी पडले आणि स्पर्धा तिथेच थांबवली गेली. त्या काळात दोऱ्यांच्या दोनच रांगा असलेल्या, अतिशय वेगवान आणि प्रमाणपत्र नसलेल्या विंगा आघाडीवर होत्या. त्यानंतर मोठ्या स्पर्धांतून अशा विंगा वगळल्या गेल्या आणि पुढे स्पर्धेसाठी स्वतंत्र नियमांचा वर्ग तयार झाला. दोन रांगांची रचना मात्र टिकली आणि खालच्या वर्गांत झिरपली. तिच्यामुळे शिकवणीतलं एक जुनं पान गळालं: बी-रायझर (दोऱ्यांची दुसरी रांग ज्याला जोडलेली असते तो पट्टा) ओढून विंग सरळ खाली आणण्याची बी-स्टॉलची युक्ती या विंगांवर वापरता येत नाही. चाचणीतही पेच पडला. पूर्वीसारखा रायझर ओढून ठरलेला कोलॅप्स होईना, म्हणून वरच्या वर्गांत फक्त चाचणीपुरत्या जादा दोऱ्या लावण्याची परवानगी मिळाली. असा मुद्दाम घडवलेला कोलॅप्स हवेने घडवलेल्या कोलॅप्ससारखा असतो का, यावर जाणकारांत अजून मतभेद आहेत.

उरतो रिझर्व्ह. हाताने फेकायच्या पॅराशूटची कल्पना हँग ग्लायडिंगमधून आली. प्रदीर्घ काळ ते गोलच असे, मधली दोरी खाली ओढलेलं. नंतर चौकोनी आले, जे कमी झुलतात. आणि रोगालो प्रकारचे, जे वळवता येतात. युरोपीय मानकाप्रमाणे खाली येण्याचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपेक्षा जास्त नसावा. म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी मारल्याइतका आघात. पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून लोळण घेतली तर सोसणारा. रिझर्व्ह उघडल्यावर मुख्य विंग मोकळी सोडली तर ती उडत राहते, दोघं एकमेकांना विरुद्ध दिशांना ओढतात आणि खाली येण्याचा वेग वाढतो. म्हणून लगेच ब्रेक किंवा मागचे रायझर ओढून तिला गोळा करायचं असतं.

फेकणं तसं एका कृतीचं आहे: हँडलकडे बघा, धरा, ओढा, मोकळ्या हवेत जोराने भिरकावा. तरी अपघातांच्या तपासात पुन्हा पुन्हा आढळतं की रिझर्व्ह फार उशिरा फेकला गेला, किंवा फेकलाच नाही, कारण पायलट शेवटपर्यंत विंग सोडवत बसला होता. त्यामुळे आता अनेक क्लबांमध्ये हंगामाआधी पायलटला छताला टांगतात, गरागरा फिरवतात आणि अचानक ओरडतात, ‘फेक!’ प्रत्येक हार्नेसवर हँडलची जागा वेगळी असते. ती शोधत न बसता हाताला सापडेपर्यंत हा सराव चालतो, आणि त्याच दिवशी रिझर्व्ह उलगडून, हवेशीर ठेवून, नव्याने घडी घातला जातो.